दहा पिल्लांची वाटणी

आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. वडिलांचं उदगीरच्या मोंढ्यात अडतीचं दुकान, घरात रोज लिंगपूजा आणि चुलीजवळ कांदा-लसूण यायचा तोही आईच्या मर्जीनं. अशा घरातल्या मुलानं पशुसंवर्धन खात्यात नोकरी धरली आणि उभा जन्म कोंबड्या धरण्यात घालवला. पहिल्या वर्षी दिवाळीला घरी आलो तेव्हा आईनं मला मागच्या दारानं घेतलं, डोक्यावरून बादलीभर पाणी ओतलं आणि मग विचारलं, "गाई-म्हशींचं काम आहे म्हणाला होतास ना रे?"

गाई-म्हशींचंही होतं. मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर नव्हे. पण नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याच गावानं मला डॉक्टरशिवाय दुसरं काही म्हटलं नाही आणि मीही फार दुरुस्त करायला गेलो नाही. टोचायचं, कानात बिल्ले मारायचे, नोंदी ठेवायच्या, हे सगळं केलं. तरी लोकांच्या लक्षात राहिलो तो एकाच गोष्टीसाठी. परसातल्या कोंबड्यांची पिल्लं हातात घ्यायची आणि सांगायचं, हा नर, ही मादी.

शहरातल्या वाचकाला यात काय एवढं असं वाटेल. कोंबडा आणि कोंबडी कुणालाही ओळखू येतात, पण ती मोठी झाल्यावर. अंड्यातून निघालेलं पिल्लू बघून छातीठोक सांगणारा माणूस मी गावात तरी पाहिला नाही. हॅचरीत सांगतात, पंखाची पिसं बघून, पण त्यासाठी तशी जातच तयार केलेली असते. गावरान कोंबडीला तो हिशेब लागू पडत नाही. तिच्या एका विणीत काळं, तांबडं, ठिपक्यांचं, उघड्या मानेचं असं सगळं निघतं. दीड-दोन महिन्यांनी तुरा दिसायला लागतो. नराचा लवकर लाल होतो आणि मोठा होतो, मादीचा फिकट राहतो. पुस्तकात एवढंच असतं. घरच्या बाईला मात्र ते लवकर कळायला हवं असतं, कारण मादी ठेवायची असते आणि नर काढायचा असतो. अंगणात तीन नर वाढले तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि मादीला खाऊ देत नाहीत.

नांदेडला असताना विष्णुपुरीच्या एका प्राध्यापकांनी घरामागं सहा पिल्लं पाळली होती. त्यांच्या मुलींनी सहाही पिल्लांना मैत्रिणींची नावं दिली. मला चहाला बोलावलं आणि सहज विचारलं. मी म्हटलं, "सर, यातल्या चार मैत्रिणी पुढच्या महिन्यात आरवणार आहेत." धाकटी मुलगी माझ्याशी बोलेना. पुढच्या महिन्यात प्राध्यापकांचा फोन आला, की अश्विनी पहाटेपासून आरवते आहे, शेजारी तक्रार करून राहिलेत, आता काय करू. दुसरा एकजण सकाळी सकाळी पिशवीत कोंबडा घेऊन दवाखान्यात आला आणि म्हणाला, हा नर असल्याचा दाखला द्या. सासऱ्यानं नवसाला नर मागितलाय आणि मागच्या वेळी याच जावयानं मादी नेली होती. मी शिक्का मारून दिला. खात्याच्या इतिहासात तसा दाखला दुसरा नसेल.

लोकांना हे किस्से सांगितले की ते हसतात आणि माझं कौतुक करतात. पण ही विद्या मला खात्यानं शिकवली नाही. ज्या बाईनं शिकवली तिचं मी आधी नुकसान केलं होतं. ते कधी लिहिलं नाही, म्हणून आज लिहितो.

नोकरीतली माझी दुसरीच नेमणूक देगलूर तालुक्यात, तेलंगणाच्या शिवेवरच्या एका गावी झाली. गावाचं नाव देत नाही. तिथल्या बाजारात एका दमात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकू यायची. मी आठ दिवसांचं कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण नुकतंच करून आलो होतो आणि ते अंगात भिनलं होतं.

गावात हुसेनबी नावाची पन्नाशीची बाई होती. नवरा वारलेला, मुलगी दिलेली. तिच्या अंगणात वीस-पंचवीस कोंबड्या कायम असत. तिच्या भिंतीला भिंत लागून गंगाबाईचं घर. गंगाबाईचा नवरा शेतात, मोठा मुलगा पुण्याला कामाला आणि रुक्मिण नावाची मुलगी त्याच वर्षी लग्न होऊन निलंग्याकडं दिलेली. दोघींचं इतकं जमायचं, की भिंतीत मधल्या दोन विटा काढून ठेवल्या होत्या. त्यातून भाजीची वाटी, विस्तव, कोथिंबिरीची काडी, सगळं इकडून तिकडं जायचं.

त्या उन्हाळ्यात हुसेनबीनं आपली एक उबवायला बसलेली खुडूक कोंबडी आणि अंडी गंगाबाईला अर्धलीनं दिली. म्हणजे कोंबडी आणि अंडी हिची, पिल्लं वाढवायचे कष्ट तिचे, आणि मोठी झाली की निम्मी निम्मी. दहा पिल्लं जगली. दोन महिन्यांची झाली आणि रुक्मिण माहेरी आली. परत जाताना तिच्यासोबत दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या आधीच्या तरण्या कोंबड्या, द्यायच्या असं गंगाबाईनं ठरवलं. लेकीच्या हाताशी स्वतःचं काहीतरी असावं, एवढाच त्यामागचा विचार.

हुसेनबी म्हणाली, "इत्ती घाई नको गं गंगा. अजून एक महिना जाऊ दे, मग वाटू."

गंगाबाईच्या मनात काही नव्हतं. पण पाणवठ्यावर कुणीतरी बोललं, की हुसेनबीला पिल्लातलं कळतं, ती बरोबर माद्या काढून घेईल. हे दोन-तीनदा कानावर आल्यावर गंगाबाई म्हणाली, सरकारी डॉक्टर गावात आहेत, त्यांनाच वाटणी करू दे.

मी मोठ्या आनंदानं गेलो. अंगणात बायका होत्या, ओट्यावर पाच-सहा पुरुष होते. दुसऱ्या दिवशी मला गावातल्या जनावरांना लाळखुरकुताची लस टोचायची होती, त्यामुळं आपली ओळख होईल असंही मनात होतं. मी एकेक पिल्लू उचललं, तुरा बघितला आणि दोन डालग्यांत टाकत गेलो. चार नर, सहा माद्या. त्यातलं एक काळं पिल्लू होतं, त्याचा तुरा चांगला लाल आणि उभा. ते नरात टाकलं. दोन तांबडी पिल्लं होती, अंगानं दणकट, पण तुरा म्हणाल तर डोक्याला चिकटलेली वाटाण्याएवढी गाठ. ती माद्यांत टाकली.

हुसेनबी माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब, महिनाभर थांबलं असतं तर बरं होतं."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाची, मी याचंच ट्रेनिंग घेऊन आलोय. अंदाजावर नाही सांगत."

ओट्यावरची माणसं हसली.  हुसेनबीनं त्या दोन तांबड्या पिल्लांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि पदर सावरून उठली.

वाढवणारीनं आधी निवडायचं, असा रिवाज. गंगाबाईनं माद्यांच्या डालग्यातून सगळ्यांत दणकट म्हणून नेमकी ती दोन तांबडीच उचलली आणि वर एक ठिपक्यांची. नरांतले दोन घेतले. उरलेली पाच हुसेनबीला गेली, त्यात ते काळं होतं. दुपारच्या गाडीनं रुक्मिण दोन्ही तांबडी पिल्लं टोपलीत घेऊन सासरी गेली. दुसऱ्या दिवशी लसीकरणाला अख्खं गाव लोटलं. पहिला बैल ओट्यावर हसलेल्यांपैकीच एकाचा होता. मी खूश होतो.

महिन्या-दीड महिन्यानं मी त्या गावी गेलो तर गंगाबाई दारातूनच म्हणाली, "डाक्टर, तुमच्या तलंगा आरवून राहिल्यात." आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं. दोन्ही तांबडी पिल्लं नर निघाली होती. आईनं लेकीला अंड्यावरच्या कोंबड्या म्हणून कोंबडे दिले, असं रुक्मिणच्या सासूनं चार पाहुण्यांत म्हटलं होतं. मधे दोन दिवस माहेरी आली तेव्हा रुक्मिणनं ते आईला सांगितलं आणि रडली होती.

"तुमाला कळलं न्हाई, ते मी सोडून दिलं," गंगाबाई म्हणाली. "तुमी नवे. पण हिला कळत व्हतं. मी तांबडी उचलली तवा ही बघून राहिली व्हती. माज्या लेकीचं हसं व्हऊ दिलं हिनं." तिनं भिंतीकडं हात केला. भिंतीतल्या दोन विटा परत बसल्या होत्या आणि वरून चिखल लिंपलेला होता.

मी हुसेनबीकडं गेलो. तिच्या अंगणात ते काळं पिल्लू, माझ्या मते नर असलेलं, खुराड्यात शांत बसलं होतं. उघड उघड तलंग होती ती.

"चाची, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तिनं मला बसायला गोणपाट टाकलं. म्हणाली, "एकदा बोलले. तुम्ही ट्रेनिंग सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जनावरांना सुई मारणार होते. चार माणसांत मी म्हटलं असतं की साहेबाला कोंबडा-कोंबडी कळत नाही, तर कोण आणणार होतं बैल तुमच्याकडं? मागच्या खेपेला अशाच रोगानं माझ्या दिराची जोडी गेली. कोंबड्याचं काय, दुसरी वीण निघते."

"पण गंगाबाईला तरी नंतर सांगायचं."

"गेले होते सांगायला. रुक्मिण गाडीत बसली होती, टोपली मांडीवर घेऊन. एवढी खूश होती पोरगी. तोंडातून निघालंच नाही माझ्या."

त्या साली शेजारच्या दोन-तीन गावांत लाळखुरकूत आला. आमच्या गावात जवळपास सगळी जनावरं टोचलेली होती, गाव बचावलं. माझी पाठ थोपटली गेली. ती थोपटून घेताना मला त्या लिंपलेल्या विटा दिसायच्या.

यापुढचं लिहायला मला आजही लाज वाटते. मी लगेच जाऊन गंगाबाईला सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा काढला. कोंबड्यांचीच तर गोष्ट आहे, बायका आपोआप बोलायला लागतील, असं स्वतःला समजावत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. गावात मला मान मिळायला लागला होता आणि तो हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

दरम्यान मी हुसेनबीकडं जाऊन बसायला लागलो. ती मला शिकवायला लागली. मी मागितलं नव्हतं, पण मी समोर बसलो की ती एखादं पिल्लू माझ्या हातात द्यायची. ती तांबडी पिल्लं कशी फसवून गेली ते तिनं सांगितलं. तिच्या भाच्यानं पलीकडून तेलंगणातून झुंजीच्या जातीचा, असील कोंबडा आणला होता. त्याच्या वंशाला तुरा उशिरा येतो आणि आला तरी चिकटलेलाच राहतो, मग तो नर असो की मादी. "तोंडाकडं काय बघता साहेब, पाठीकडं बघा," ती म्हणायची. तीन महिन्यांच्या आसपास शेपटीच्या बुडाशी, पाठीवर नवी पिसं येतात. मादीचं पीस बोटाच्या नखासारखं गोल असतं. नराचं मेंदीच्या पानासारखं निमुळतं, टोकदार आणि चकचकीत. पीस एकदा निमुळतं दिसलं की मग तुरा काहीही सांगो, तो नरच. त्याआधी पाय बघायचे. नराचा पाय जाड, पाऊल मोठं. तिची आणखी एक युक्ती होती. पिल्लं दाणे टिपत असली की ती अचानक त्यांच्या डोक्यावरून पदर फिरवायची, घार आल्यासारखा. माद्या जमिनीला चिकटायच्या, नर मान ताठ करून उभे राहायचे. ही युक्ती दर वेळी खरी ठरत नाही, हे तीच सांगायची. "एका खुणेवर जायचं नाही. तीन खुणा जुळल्या तर बोलायचं. नाही जुळल्या तर थांबायचं. थांबायला काय लाज?"

हे ऐकल्यावर मात्र मला तिथं बसवेना. मी उठलो आणि सरळ शेजारच्या दारात गेलो.

गंगाबाई तूर निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हुसेनबीनं अडवलं होतं, मीच सगळ्यांसमोर तिला गप्प केलं, आणि ती का गप्प राहिली, तेही. गंगाबाईचे हात सुपात थांबले.

"हे तुमाला कवा कळलं?"

"चार महिने झाले."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला घरात यिऊन सांगून काय उपेग, डाक्टर? ओट्यावर माणसं हसली व्हती तिला. तितं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली होती.  मी सांगितलं, की मी केलेली वाटणी चुकली, हुसेनबीचाचींना बरोबर कळलं होतं, आणि मी त्यांचं ऐकलं नाही.  ज्याचा बैल मी पहिल्यांदा टोचला होता तो म्हातारा म्हणाला, "आन् आमच्या बैलाला दिलेली सुई, ती तरी बैलाचीच व्हती का?"

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं होतं आता या गावात आपली किंमत गेली. तसं काही झालं नाही. उलट त्यानंतर माणसं जरा मोकळेपणानं बोलायला लागली. औषध लागू पडलं नाही तर तोंडावर सांगायला लागली.

गंगाबाई मात्र लगेच हुसेनबीकडं गेली नाही. मी वाट बघत होतो. पुढं मला कळलं की हुसेनबीनं ती काळी कोंबडी, पहिलं अंडं घातल्यावर आठवड्याभरातच, निलंग्याच्या बाजाराला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर रुक्मिणकडं पाठवून दिली होती. कुणाला न सांगता. रुक्मिणला वाटलं आईनंच पाठवली. दिवाळीला ती माहेरी आली आणि म्हणाली, "आई, तुजी काळी कोंबडी लई गुणाची निगाली, सासूबाई पन आता तिलाच दाणे टाकत्यात." गंगाबाईला काही कळेना. मग लक्षात आलं, काळं पिल्लू तर वाटणीत हुसेनबीकडं गेलं होतं. हे मला रुक्मिणनंच नंतर सांगितलं. म्हणाली, आईनं हातातलं काम ठेवलं, घमेल्यातली खुरपी घेतली आणि भिंतीतल्या विटा उकरायला लागली.

मी पाच वर्षांनी तिथून बदलून गेलो. मग कंधार, अहमदपूर, पुन्हा नांदेड. हुसेनबीचं तंत्र मी शेकडो बायांना शिकवलं. प्रत्येक वेळी तिचं नाव घ्यायचो, पण ती चार महिन्यांची गोष्ट गाळायचो. आता मी निवृत्त आहे, लातूरला राहतो. हॅचऱ्या माद्या निवडूनच पिल्लं देतात म्हणे, त्यामुळं माझी विद्या फारशी कुणाला लागत नाही. कधीतरी कुणी मोबाईलवर पिल्लाचा फोटो पाठवतं, नर का मादी. मी उत्तर देतो, महिनाभर थांबा आणि पाठीचा फोटो पाठवा. बहुतेकांना ते आवडत नाही. त्यांना लगेच हवं असतं.

मागच्या हिवाळ्यात रुक्मिणचा फोन आला. ती माहेरी आली होती, तिनं बोलावलं म्हणून त्या गावी गेलो. हुसेनबी आता खूप थकली आहे. दोन्ही डोळ्यांनी जवळपास दिसत नाही, ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. मधली भिंत एका पावसाळ्यात पडली, ती परत कुणी बांधली नाही. दोघींचं एकच अंगण झालं आहे आणि एकच खुराडं.

उन्हात दोघी पिल्लं निवडत बसल्या होत्या. गंगाबाई एकेक पिल्लू हुसेनबीच्या मांडीवर ठेवायची, हुसेनबी पाय चाचपायची, पाठीवरून बोटं फिरवायची आणि सांगायची. मी गुपचूप जाऊन बसलो. तीन पिल्लं तिनं अचूक सांगितली. चौथं उघड्या मानेचं होतं. तिनं पाय चाचपला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मादी."

मला पीस दिसत होतं, निमुळतं. मी गंगाबाईकडं बघितलं.

"मादी कुठली गं," गंगाबाई म्हणाली. "नर हाय नर. डाक्टर आलेत, त्येंच्या म्होरं चुकलीस बघ."

"साहेब आले?" हुसेनबीनं मान माझ्या दिशेनं वळवली आणि दात नसलेलं तोंड भरून हसली. मग गंगाबाईच्या हातावर चापट मारून म्हणाली, "तू नीट धर ना आधी. शेपटी माझ्याकडं कर. मान काय देतेस मला."

गंगाबाईनं पिल्लू फिरवून दिलं.